रुग्णालयाच्या संगणकांचीही नाडी पाहा

सकाळचे साडेआठ. सोलापुरातल्या कोणत्याही मोठ्या रुग्णालयाच्या केसपेपर खिडकीपुढे या वेळी रांग लागलेली असते. शहरातल्या लोकांबरोबर अक्कलकोट, मंगळवेढा, तुळजापूर आणि सीमेपलीकडच्या इंडीहून पहिल्या गाडीने आलेली माणसेही तिच्यात असतात. अशा वेळी खिडकीतून तीन शब्द ऐकू आले, ‘सर्व्हर डाऊन आहे’, तर त्यांनी काय करायचे? बँकेत हे ऐकणारा माणूस उद्या येतो म्हणून परत फिरतो. रुग्णालयात आलेल्याची आजची मजुरी बुडालेली असते, सोबत आलेल्या मुलाचीही बुडालेली असते आणि रक्ततपासणी उपाशीपोटी करायची म्हणून सकाळपासून चहाही घेतलेला नसतो.

‘सर्व्हर डाऊन’ हे आता पावसासारखे मानले जाते. आला की थांबायचे, गेला की कामाला लागायचे. ही समजूत चुकीची आहे. यंत्रणा कोसळण्याआधी बहुतेक वेळा काही तास, कधी काही आठवडे, तिची लक्षणे दिसत असतात. ती पाहायला कोणी नसते, एवढेच. अतिदक्षता विभागात रुग्णाच्या उशाशी मॉनिटर असतो आणि त्याच्याकडे पाहणारी परिचारिकाही असते. रुग्णालयाच्या संगणकांवर अशी नजर ठेवणे ही आता केवळ कार्यालयीन सोय उरलेली नाही. तो रुग्णसेवेचाच भाग आहे, आणि त्यासाठी माणूस, वेळ आणि पैसा ठरवून द्यायला हवा.

रुग्णालयात आज संगणकावर काय नसते? नोंदणी, प्रयोगशाळेचे अहवाल, एक्स-रे आणि सीटी स्कॅनच्या प्रतिमा, औषधांचा साठा, रक्तपेढीची नोंद, बिल हे सारे तिथेच असते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या उपचारांची मंजुरीही ऑनलाइनच मिळते. सप्टेंबर २०२१ मध्ये आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झाल्यापासून चौदा अंकी ‘आभा’ क्रमांकाशी आरोग्याच्या नोंदी जोडल्या जात आहेत. कागद मागे पडला हे चांगलेच झाले. पण कागदाला वाळवी लागली तर एक फाईल जाते, सर्व्हर गेला तर सगळ्यांच्याच फाईली जातात.

दिल्लीच्या एम्सने हे अनुभवले आहे. २३ नोव्हेंबर २०२२ च्या सकाळी तिथली ई-हॉस्पिटल सेवा बंद पडली. खंडणीसाठी केलेला तो सायबर हल्ला होता. पाच सर्व्हर बाधित झाले आणि सुमारे १.३ टेराबाइट माहिती हल्लेखोरांनी कुलूपबंद केली, असे सरकारने नंतर संसदेत सांगितले. देशातल्या सर्वांत नामांकित रुग्णालयात ओपीडी, भरती आणि तपासण्यांचे काम कित्येक दिवस हाताने लिहून चालले. माहिती परत मिळाली ती हल्ल्यातून वाचलेल्या एका बॅकअप सर्व्हरमुळे. नेटवर्कचे योग्य विभाजन केलेले नव्हते, हे कारणही पुढे आले.

संगणकांवर नजर ठेवणारे सॉफ्टवेअर म्हणजे काय, हे सोलापूरकराला सांगायला फार शब्द लागू नयेत. यंत्रमागावर आडवा धागा तुटला की माग आपोआप थांबवणारी साधी युक्ती असते. त्यामुळे एक कामगार अनेक मागांवर लक्ष ठेवू शकतो. संगणकांच्या जाळ्यातही असेच असते. मध्यवर्ती संगणकावर मुख्य सॉफ्टवेअर बसवतात. इतर संगणकांवर ‘एजंट’ नावाचा छोटा प्रोग्राम टाकतात. तो दर मिनिटाला कळवत राहतो: डिस्क किती भरली, मेमरी किती वापरात आहे, रात्रीचा बॅकअप पूर्ण झाला की नाही. स्विच, प्रिंटर, यूपीएस यांची खबर एजंटशिवाय, नेटवर्कवरूनच घेता येते. ठरवलेली मर्यादा ओलांडली की जबाबदार माणसाच्या फोनवर संदेश जातो.

सोलापुरात या यादीत तापमान सर्वांत वर असायला हवे. सर्व्हरच्या खोलीतले तापमान साधारण १८ ते २७ अंश सेल्सिअस असावे, असा जगभर मान्य झालेला दंडक आहे. इथे एप्रिल-मे महिन्यांत बाहेरचा पारा चाळिशी ओलांडतो. जिन्याखालच्या कोंदट खोलीत ठेवलेल्या सर्व्हरचा एसी शनिवारी रात्री बंद पडला आणि ते सोमवारी सकाळी कळले, तर रविवारचा दिवस त्या सर्व्हरने भट्टीत काढलेला असतो. तापमान मोजणारा एक स्वस्त सेन्सर आणि एक संदेश एवढ्यावर हे टळू शकते.

सॉफ्टवेअरची किंमत ही अडचण नाही. झॅबिक्स किंवा नागिऑस कोअर यांसारखी सॉफ्टवेअर मोफत आणि मुक्त स्रोत आहेत आणि वीस वर्षांहून अधिक काळ जगभर वापरात आहेत. मध्यम आकाराच्या रुग्णालयाला त्यासाठी एक बरा संगणक पुरतो. अडचण पुढची आहे. ते बसवताना घाई होते आणि बसवल्यानंतर विसर पडतो.

घाई अशी की यादीच केलेली नसते. इमारतीत किती संगणक आहेत, कुठल्या मजल्यावर कोणता स्विच आहे, कोणत्या यंत्रावर कोणते सॉफ्टवेअर आहे, हे कागदावर नसेल तर नजर कशावर ठेवणार? मग प्रत्येक गोष्टीवर सूचना लावली जाते. दिवसाला दोनशे संदेश येऊ लागले की तिसऱ्या दिवशी कर्मचारी फोन ‘सायलेंट’ करतो. अतिदक्षता विभागातल्या परिचारिकांना हा त्रास चांगलाच माहीत आहे. सतत वाजणाऱ्या गजरांमुळे खऱ्या गजराकडेही दुर्लक्ष होते, हा वैद्यकशास्त्रात अभ्यासला गेलेला धोका आहे. त्यावरचा उपाय दोन्हीकडे सारखाच. पहिले दोन-तीन आठवडे यंत्रणेची नेहमीची चाल पाहायची, त्यानुसार मर्यादा ठरवायच्या आणि रात्री दोन वाजता कोणाला उठवायचे व कशासाठी नाही, हे लिहून ठेवायचे.

विसर पडतो तो अद्ययावत करण्याचा, म्हणजे अपडेटचा. खरा वाद इथेच आहे. एक पक्ष म्हणतो, चालतेय तर हात लावू नका. दुसरा म्हणतो, अपडेट आले की लगेच टाका. गेल्या काही वर्षांतल्या घटनांनी दोघांनाही खोटे ठरवले आहे.

हात न लावण्याची किंमत ब्रिटनच्या सार्वजनिक आरोग्यसेवेने मोजली. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ हा खंडणीखोर विषाणू जगभर पसरला. ज्या त्रुटीतून तो शिरला, तिचे अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच, म्हणजे दोन महिने आधी दिलेले होते. तरीही इंग्लंडमधल्या २३६ पैकी किमान ८१ आरोग्य ट्रस्टना फटका बसला. सुमारे १९ हजार भेटी आणि शस्त्रक्रिया रद्द झाल्याचा अंदाज तिथल्या लेखापरीक्षकांनी मांडला. काही रुग्णालयांना रुग्णवाहिका दुसरीकडे वळवाव्या लागल्या.

आता दुसरी बाजू. ‘सोलरविंड्स ओरायन’ हे नेटवर्कवर नजर ठेवणारेच सॉफ्टवेअर. हल्लेखोर थेट ते बनवणाऱ्या कंपनीत घुसले आणि २०२० मध्ये कंपनीच्या अधिकृत अपडेटमधूनच त्यांनी चोरवाट पाठवली. सुमारे १८ हजार ग्राहकांनी ते अपडेट विश्वासाने घेतले. डिसेंबरमध्ये प्रकार उघडकीस आला, तोवर अमेरिकी सरकारच्या काही विभागांतही हल्लेखोर पोहोचले होते. पहारेकऱ्याकडे सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या असतात, म्हणून चोराची नजर आधी पहारेकऱ्यावर जाते.

१९ जुलै २०२४ ला तर चोरही नव्हता. संगणकांच्या सुरक्षेवर नजर ठेवणाऱ्या ‘क्राउडस्ट्राइक’च्या सॉफ्टवेअरचे एक छोटे अपडेट भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी जगभर एकदम गेले. त्यातल्या नव्या नियमाने एकविसावा रकाना वाचायला सांगितला, पण पुरवठा वीस रकान्यांचाच होता. एवढ्या चुकीने मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख संगणक निळा पडदा दाखवून बंद पडले. कंपनीने ७८ मिनिटांत अपडेट मागे घेतले, पण बंद पडलेली असंख्य यंत्रे माणसांना एकेक करून दुरुस्त करावी लागली. आपल्याकडे विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून दिले गेले. ब्रिटनमध्ये अनेक फॅमिली डॉक्टरांना रुग्णांच्या नोंदी उघडता येईनात.

या तिन्ही घटना एकत्र ठेवल्या की मधला रस्ता दिसतो, आणि तो डॉक्टरांना नवा नाही. नवे औषध आधी थोड्यांना देतात, परिणाम पाहतात, मग सर्वांना देतात. अपडेटचेही तसेच असावे. आधी मध्यवर्ती सॉफ्टवेअरच्या माहितीसाठ्याची प्रत काढून ठेवावी. नव्या आवृत्तीसोबत आलेली टिपणे वाचावीत. मग दोन-तीन कमी महत्त्वाच्या संगणकांवर, उदाहरणार्थ कार्यालयातल्या, अपडेट टाकून काही दिवस पाहावे. नंतर एकेक विभाग घ्यावा आणि अतिदक्षता, अपघात विभाग व रक्तपेढी शेवटी. सोमवारच्या ओपीडीच्या गर्दीत काहीही बदलू नये. काही बिघडले तर मागच्या आवृत्तीवर कसे जायचे, हे आधीच ठरलेले असावे. मात्र हल्ले सुरू झालेल्या त्रुटीचे अपडेट असेल, तर ‘काही दिवसां’चे ‘काही तास’ करावे लागतात. तो निर्णय घेणारा माणूस ठरलेला असावा.

वैद्यकीय यंत्रांची गोष्ट वेगळी. सीटी स्कॅन किंवा प्रयोगशाळेतल्या यंत्राला जोडलेला संगणक कित्येकदा जुन्या विंडोजवर चालतो. विंडोज ७ ची सुरक्षा अपडेट जानेवारी २०२० मध्ये आणि विंडोज १० ची नेहमीची मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. अशा यंत्रावर उत्पादकाच्या परवानगीशिवाय एजंट टाकणे धोक्याचे. ती यंत्रे नेटवर्कच्या वेगळ्या कप्प्यात ठेवावीत आणि त्यांच्यावरची नजर बाहेरून ठेवावी.

नजर ठेवणे म्हणजे हेरगिरी, अशी शंका कर्मचाऱ्यांच्या मनात येते आणि ती चुकीची नाही. डिस्क किती भरली हे पाहणे वेगळे, परिचारिकेच्या पडद्यावर काय चालले आहे किंवा रुग्णाच्या अहवालात काय लिहिले आहे हे पाहणे वेगळे. व्यवस्थापनाने हा फरक लेखी स्वरूपात जाहीर करावा. यंत्राची तब्येत पाहायला रुग्णाचे नाव लागत नाही.

कायदाही आता विचारणा करतो. ‘सर्ट-इन’ या केंद्रीय यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते आणि संगणक प्रणालींच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. जिथे नजरच नाही, तिथे घटना लक्षात येणार कधी आणि नोंदी दाखवणार कोणत्या?

वीस खाटांच्या रुग्णालयाने यासाठी स्वतंत्र अभियंता नेमावा, ही अपेक्षा अवाजवी आहे, हा आक्षेप खरा आहे. त्याचे उत्तर सोलापूरच्याच परंपरेत आहे. अश्विनी सहकारी रुग्णालय, मार्कंडेय सोलापूर सहकारी रुग्णालय ही नावे सांगतात की एकट्याला न पेलणारा दवाखाना या शहराने सहकारातून उभा केला. संगणकांची देखरेखही तशीच वाटून घेता येईल. दहा-पंधरा लहान रुग्णालयांनी मिळून दोन प्रशिक्षित माणसे नेमावीत. प्रत्येकाची माहिती वेगळी राहील, पहारा मात्र सामाईक असेल. शहरात अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत, विद्यापीठ आहे. त्यांच्या विद्यार्थ्यांना शिकायला याहून उपयुक्त प्रकल्प कोणता मिळेल? किल्ल्या मात्र विद्यार्थ्यांच्या हाती नकोत. त्या पगारी, जबाबदार माणसाकडेच हव्यात. सरकारी रुग्णालयांच्या बाबतीत संगणक खरेदीच्या निविदेतच पाच वर्षांच्या देखरेखीचा आणि अपडेटचा खर्च धरला जावा. फीत कापण्यापुरता निधी आणि नंतर शुकशुकाट, हा प्रकार थांबायला हवा.

तोवर प्रत्येक रुग्णालयाच्या व्यवस्थापनाने या आठवड्यात स्वतःलाच चार प्रश्न विचारावेत. काल रात्रीचा बॅकअप झाला का, आणि तो उघडून कोणी पाहिला का? सर्व्हरच्या खोलीत आत्ता किती अंश तापमान आहे? शेवटचे अपडेट कोणी, कधी टाकले? आणि उद्या सारे बंद पडले तर कागदावर काम सुरू करायला किती मिनिटे लागतील? यातल्या एकाही प्रश्नाचे उत्तर ‘विचारून सांगतो’ असे आले, तर इंडीहून पहिल्या गाडीने निघालेल्या त्या माणसाची उद्याची मजुरी आजच धोक्यात आहे.