जुन्या कॅराव्हॅनचं इंजिन बसलं, तर विमा कंपनी पैसे का देत नाही?

वणीहून सप्तशृंगगडावर निघालात की नांदुरीनंतर घाट लागतो. जुन्या, वजनदार कॅराव्हॅनची खरी परीक्षा इथेच. तापमानाचा काटा वर गेल्यावरही गाडी रेटली, तर आधी हेड गॅस्केट जातं, मग इंजिन जाम होतं.

खर्च? तुमच्याच खिशातून. मोटार विमा अपघात, चोरी, आगीसाठी असतो. झीज आणि यांत्रिक बिघाड त्यात बसत नाही. ‘इंजिन प्रोटेक्ट’ घेतलं तरी झिजेचे पैसे मिळत नाहीत.

सेकंडहँड इंजिन स्वस्त पडतं, पण त्याचा नंबर वेगळा असतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार हा बदल 14 दिवसांत आरटीओला कळवावा लागतो. गॅरेजवाला हे सांगेलच असं नाही! आरसीवर जुनाच नंबर राहिला, तर उद्या अपघाताचा क्लेमही अडकू शकतो. इंजिन बसवण्याआधीच त्याचं पक्कं बिल आणि मूळ गाडीची कागदपत्रं मागून घ्या.