‘वेळेचं नियोजन करा’ हे औषध चुकीच्या पेशंटला दिलं जातंय



‘नोकरी करून घर कसं सांभाळावं’ अशा मथळ्याचे मेसेज तुमच्याही मोबाईलवर येत असतील. रविवारीच आठवड्याच्या भाज्या निवडून ठेवा, रात्री कणीक मळा, पहाटे साडेचारला उठा. हे सल्ले जवळजवळ नेहमी बायकांनाच दिलेले असतात. माझं मत स्पष्ट सांगतो. बाईने अजून भराभर काम करणं हा यावरचा उपाय नाही. घरातली कामं कमी करा आणि उरलेली दोघांत वाटा.

आकडे काय सांगतात?

केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ वापर सर्वेक्षणानुसार, घरकाम करणाऱ्या महिला त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात, पुरुष ८८ मिनिटं. तीन तासांपेक्षा जास्त फरक. आणि ८८ ही घरकाम करणाऱ्या पुरुषांची सरासरी आहे. त्या दिवशी कशालाच हात न लावलेले पुरुष त्यात धरलेलेच नाहीत. या महिलांमध्ये नोकरी न करणाऱ्याही आहेत, हे खरं. पण नोकरी लागली म्हणून स्वयंपाक, धुणं, भांडी दुसऱ्या कुणाकडे गेली, असं श्रीगोंद्यात तुम्ही किती घरांत पाहिलंत?

यात डॉक्टरचा काय संबंध?

संबंध आहे, कारण वेळ नसेल तर उपचार फसतात.

थायरॉईडची गोळी उपाशीपोटी, चहाच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची असते. पण सकाळी डब्यांच्या घाईत आधी चहा होतो आणि गोळी राहते. बीपीची गोळी रोज घ्यायची, ती ‘आठवली तर’ घेतली जाते. प्रौढ माणसाला किमान सात तास झोप लागते. रात्री अकराला ओटा आवरून पहाटे साडेचारला उठणाऱ्या बाईची झोप साडेपाच तासही होत नाही. वर्षानुवर्षं झोप कमी पडली की रक्तदाब, मधुमेह आणि वजनवाढ यांचा धोका वाढतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक महिलांना रक्तक्षय आढळला. त्याला कारणं अनेक आहेत. पण सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खाणं, हे त्यातलं एक कारण घरातच बदलता येतं.

‘घरकाम हाच व्यायाम’ असं म्हणून सुटका करून घेऊ नका. घरकामात हालचाल होते. पण तासन्तास ओट्याशी उभं राहणं किंवा वाकून धुणं म्हणजे मोकळ्या हवेत भरभर चालणं नव्हे. पहिल्याने कंबर धरते, दुसऱ्याने दम वाढतो.

नेहमीचे आक्षेप

‘आमच्या आईने सगळं केलंच ना?’ केलं. पण तिच्या जोडीला जाऊ, नणंद, सासू होती. आणि तिचं बीपी कुणी मोजत नव्हतं. तिचे गुडघे आज काय म्हणतात, ते तिलाच विचारा.

‘आम्ही बाहेरचं बघतो.’ हेही खरं आहे. कुकडीचं आवर्तन सुटलं की रात्रभर उसाला पाणी धरणारा, रांजणगावला शिफ्ट करून परतणारा माणूसही थकतो. त्याचे तास जरूर मोजा. मात्र दोघांचेही मोजा. एक आठवडा दोघांनी आपापली कामं आणि वेळ वहीत लिहा. मग बोला.

‘मी तिला मदत करतो की!’ या ‘मदत’ शब्दावरच माझा राग आहे. मदत दुसऱ्याच्या कामात करतात. घर दोघांचं, मुलं दोघांची.

मग करायचं काय?

१. आधी कामं कमी करा. घरातल्या कपड्यांना इस्त्री लागत नाही. रोज चपाती आणि भाकरी दोन्ही कशाला? दिवाळीचा फराळ बचत गटाकडून घेतला तर लक्ष्मी रुसत नाही.

२. काम द्यायचं तर आठवणीसकट द्या. मुलांचा डबा म्हणजे भाजी ठरवण्यापासून झाकण लावेपर्यंत. ‘काय करू सांग’ असं विचारलं की डोक्यावरचं ओझं तिच्याकडेच राहतं.

३. मुलांची कागदपत्रं वडिलांकडे द्या. आधारचं बायोमेट्रिक पाचव्या आणि पंधराव्या वर्षी नव्याने द्यावं लागतं. लसीकरणाच्या तारखा असतात, दाखले असतात, रेशनकार्डाचं ई-केवायसी असतं. दर वेळी आईचीच रजा का खर्ची पडावी? शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वडिलांचा नंबर द्या. सगळे कागद एका फाईलमध्ये ठेवा.

४. मशीन घ्या, पण चालवा दोघांनी. वॉशिंग मशीन कपडे धुतं. भिजवणं, वाळत घालणं, घड्या घालणं कुणीतरी करतंच.

५. मुलगा असो वा मुलगी, आपलं ताट उचलणं आणि दप्तर भरणं प्राथमिक शाळेतल्या मुलाला जमतं.

६. कामाला बाई ठेवली असेल तर तिलाही घर आहे, हे विसरू नका. तिला वेळेवर पगार आणि हक्काची सुट्टी द्या.

एक सावधगिरी. प्रत्येक थकव्याचा दोष कामाला देऊ नका. थकवा काही आठवडे टिकला, धाप लागली, पाळीत जास्त रक्तस्राव झाला, तर डॉक्टरांना भेटा. हिमोग्लोबिन, थायरॉईड, साखर आणि बीपी तपासून घ्या.

आणि पुरुष वाचकांना एक विनंती. हा लेख बायकोला फॉरवर्ड करू नका. तिला सगळं माहीत आहे. वरच्या यादीतलं एक काम आजच आपल्या अंगावर घ्या आणि महिनाभर ते तिला आठवूही देऊ नका. मग दोघं मिळून बीपी तपासायला या.