इबोला स्पर्शाने पसरतो. म्हणून सोवळे-ओवळे शास्त्रीय ठरत नाही

आफ्रिकेतून इबोलाची बातमी आली की आपल्याकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन गोष्टी फिरू लागतात. एक, हा रोग हवेतून पसरतो. दुसरी, आपले पूर्वज सोवळे-ओवळे पाळत होते ते काही उगाच नव्हे. कोरोनाच्या काळातही आपण हेच ऐकले. पहिली माहिती चुकीची आहे. दुसरी जास्त घातक आहे, कारण ती विज्ञानाचे नाव घेऊन येते.

इबोला पहिल्यांदा नोंदला गेला १९७६ साली. तेव्हाच्या झैरेमधील यांबुकू येथील मिशनच्या दवाखान्यात त्याच त्या सुया निर्जंतुक न करता वापरल्या जात. त्या साथीत ३१८ जणांना लागण झाली, २८० दगावले.

हा विषाणू रुग्णाचे रक्त, उलटी, जुलाब अशा स्रावांतून जखमेवाटे किंवा डोळे, नाक, तोंड यांवाटे दुसऱ्याच्या शरीरात शिरतो. लक्षणे २ ते २१ दिवसांत दिसतात आणि ती दिसेपर्यंत माणूस दुसऱ्याला लागण करत नाही. मृतदेहापासूनचा धोका तर फार मोठा. म्हणजे लागण कोणाला होते? उशाशी बसणाऱ्या आईला, नर्सला, प्रेताला आंघोळ घालणाऱ्या नातेवाइकांना.

इथेच सोवळ्याचा दावा कोसळतो. इबोलाच्या संपर्कात आलेला माणूस २१ दिवस ठणठणीत राहिला की मोकळा होतो. त्याची जात कोणी विचारत नाही. आपल्याकडचा विटाळ मात्र जन्माने लागत होता आणि मेल्यावरही सुटत नव्हता.

२०१४ साली लायबेरियात जे घडले ते आपल्या तरुणांनी मुद्दाम वाचावे. सरकारने राजधानी मनरोव्हियातले मृतदेह जाळण्याचा आदेश काढला. तिथे दहनाची प्रथा नव्हती, म्हणून तिथल्या भारतीय समाजाची स्मशानभूमी वापरली गेली. काही तरुणांनी हे काम केले. साथ ओसरली आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांनीच नव्हे, घरच्यांनीही त्यांना दूर लोटले. गावची मेलेली गुरे ओढायला लावून वर अस्पृश्य ठरवलेले आपले आजे-पणजे आम्हाला आठवले.

त्याच वर्षी वेस्ट पॉइंट या झोपडपट्टीला पोलीस-लष्कराने वेढा घातला. गोळीबारात एक किशोरवयीन मुलगा गेला आणि दहा दिवसांत वेढा उठवावा लागला. सक्तीने काय साधले? आदेशाच्या धाकाने लोक रुग्ण आणि प्रेते लपवू लागले. पश्चिम आफ्रिकेतील त्या साथीत ११ हजारांहून अधिक माणसे मेली. पुढे दफन सुरक्षित, पण सन्मानाने करण्याची पद्धत आली. कुटुंबाला हजर राहता येई, प्रार्थना करता येई. आमच्या मते ही सुधारणा औषधाइतकीच मोलाची होती.

२०१५ मध्ये गिनीत रुग्णाच्या संपर्कातल्यांना आणि त्यांच्या संपर्कातल्यांना लस देऊन पाहिली. ती प्रभावी ठरली आणि २०१९ मध्ये मंजूर झाली. पण ती झैरे प्रकारच्या विषाणूसाठीच आहे. सुदान प्रकाराची साथ आली तर आजही मुख्य भिस्त संपर्कातल्यांचा शोध घेणे, रुग्णाला वेगळे ठेवून त्याची शुश्रूषा करणे आणि घरच्यांना विश्वासात घेऊन दफन करणे यांवरच राहते.