गर्भावस्थेतील मधुमेह : निदानाची सोय झाली, आहाराचा प्रश्न कायम

नवी दिल्ली : गर्भवती महिलांमधील मधुमेह ओळखण्यासाठी भारताने स्वीकारलेली चाचणी सोपी आहे. महिलेने जेवण केलेले असो वा नसो, तिला ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून दिले जाते आणि दोन तासांनी रक्त तपासले जाते. साखर प्रति डेसिलिटर १४० मिलिग्रॅम किंवा अधिक आढळल्यास निदान निश्चित होते. उपाशीपोटी येण्याची अट नसल्याने दूरच्या गावातील महिलेची दुसरी खेप वाचते. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ही चाचणी पहिल्याच भेटीत आणि ती सामान्य आल्यास २४ ते २८ आठवड्यांदरम्यान पुन्हा करणे अपेक्षित आहे.

या दुसऱ्या चाचणीला वैद्यकीय आधार आहे. गर्भ वाढू लागतो तशी वारेतून स्रवणारी संप्रेरके इन्सुलिनचा प्रभाव कमी करतात. आईच्या रक्तातील वाढलेली साखर वारेतून बाळापर्यंत पोहोचते. तिचे इन्सुलिन मात्र पोहोचत नाही. त्यामुळे बाळाचे शरीर स्वतःच जादा इन्सुलिन तयार करते. बाळाचे वजन प्रमाणाबाहेर वाढणे, प्रसूती अवघड होणे आणि जन्मानंतर बाळाच्या रक्तातील साखर एकाएकी घसरणे, हे त्याचे परिणाम होत.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातील सुमारे ८९ टक्के प्रसूती आरोग्य संस्थांमध्ये होतात. मात्र पहिल्या तिमाहीत तपासणी झालेल्या माता ७० टक्के, तर किमान चार तपासण्या पूर्ण करणाऱ्या सुमारे ५८ टक्केच आहेत. म्हणजे प्रसूतीसाठी रुग्णालयात पोहोचणाऱ्या अनेक महिला साखर वेळीच ओळखता येईल अशा टप्प्यावर आरोग्य यंत्रणेच्या नियमित संपर्कात नसतात.

खरी कसोटी निदानानंतर सुरू होते. उपचाराची पहिली पायरी आहार आणि माफक शारीरिक हालचाल हीच आहे. दोन आठवड्यांनंतरही जेवणानंतर दोन तासांची साखर १२० च्या खाली न आल्यास मेटफॉर्मिन किंवा इन्सुलिनचा आधार घेतला जातो. मात्र आहाराचा सल्ला ‘कमी खा’ असा समजला गेल्यास तो घातक ठरू शकतो. याच सर्वेक्षणानुसार देशातील ५२ टक्के गर्भवती महिलांना रक्तक्षय आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार गर्भावस्थेत रोज सुमारे ३५० किलोकॅलरी अधिक लागतात आणि प्रथिनांची गरजही वाढते. त्यामुळे अन्न कमी करण्यापेक्षा त्याची विभागणी आणि घटक बदलणे महत्त्वाचे आहे. दिवसातून तीन जेवणे व मधले दोन-तीन अल्पाहार, भाताचे प्रमाण आवरून डाळ, उसळ, अंडी, दही व पालेभाज्या वाढवणे, साखर आणि गोड पेये टाळणे, असा हा बदल आहे.

कुपोषण आणि मधुमेह एकाच घरात, किंबहुना एकाच शरीरात का आढळतात, याचा वेध पुण्याच्या केईएम रुग्णालयातील संशोधकांनी परिसरातील गावांमध्ये १९९० च्या दशकापासून घेतला आहे. तेथील नवजात बाळे ब्रिटिश बाळांपेक्षा वजनाने कमी असली तरी त्यांच्या शरीरात चरबीचे प्रमाण तुलनेने टिकून असल्याचे त्यांना दिसले. बारीक दिसणारी महिला मधुमेहापासून सुरक्षित असते, हा समज म्हणूनच फसवा आहे.

येथे धोरणाचा प्रश्न उभा राहतो. प्राधान्य कुटुंबातील व्यक्तीला शिधापत्रिकेवर दरमहा पाच किलो धान्य मिळते. ते मुख्यतः तांदूळ आणि गहू. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यानुसार गर्भवतींना अंगणवाडीतून रोज ६०० किलोकॅलरी आणि ठरावीक प्रमाणात प्रथिने मिळायला हवीत. धान्य फुकट आणि डाळ, अंडी विकत, अशी स्थिती असेल तर आहाराचा सल्ला कागदावरच राहण्याचा धोका असतो. मधुमेह असलेल्या गर्भवतीसाठी अंगणवाडीच्या आहारातील प्रथिनांचा वाटा हा औषधाइतकाच उपचाराचा भाग मानावा लागेल.

प्रसूतीनंतर साखर बहुधा पूर्ववत होते; पण अशा महिलेला पुढे टाईप-२ मधुमेह होण्याचा धोका मोठा असतो. म्हणून सहा आठवड्यांनी पुन्हा चाचणी सांगितली आहे. बाळाच्या लसीकरणाचा एक टप्पाही नेमका सहाव्या आठवड्यातच येतो. त्याच दिवशी, त्याच केंद्रावर आईचीही तपासणी झाली, तर तिच्यासाठी वेगळी फेरी लागणार नाही आणि बाळाच्या काळजीत आईचा आजार नजरेआड होणार नाही.