लाल ठिपका कुणी पुसला?

या शनिवारी गावी होतो, फुलसावंगीला. आमच्या गावात विमान-हेलिकॉप्टरचा विषय कुणी टाइमपास म्हणून काढत नाही. 2021 च्या ऑगस्टमध्ये इथल्याच एका तरुणाचा स्वतः बनवलेल्या हेलिकॉप्टरच्या चाचणीत जीव गेला, ते सगळ्यांच्या लक्षात आहे. असो. मी मोबाइलवर दुसऱ्या महायुद्धातल्या भारतीय वायुदलाच्या हरिकेनचा फोटो दाखवत होतो. एक काका म्हणाले, "बाबू, हे तं इंग्रजायचं इमान होय ना! आपला तिरंगा कुठी हाय याच्यावर?" शेजारचा पोरगा त्याहून पुढे गेला. "भाऊ, इंग्रजायची चाकरी करनाऱ्यायले आपले काहून म्हनाचं?"

तिथे गप्प बसलो. इथे बसणार नाही.

मुळात हे चिन्ह कशासाठी असतं? आपल्याच माणसाने आपल्यावर गोळी झाडू नये म्हणून. 1932 साली स्थापन झालेल्या आपल्या वायुदलावर ब्रिटिश पद्धतीचा गोल होता: बाहेर निळा, मध्ये पांढरा, आत लाल. पुढे जपान युद्धात उतरला आणि त्यांच्या विमानावर लाल सूर्य! खालच्या तोफवाल्याला विचार करायला वेळ किती? एखादा सेकंद. लाल दिसलं की ठोक. म्हणून ब्रह्मदेशाच्या आघाडीवर गोलातला लाल ठिपका काढून टाकला, निळ्या छटाच ठेवल्या. अमेरिकेनेही मे 1942 मध्ये आपल्या ताऱ्यातला लाल ठिपका पुसला. यात निष्ठा कुठून आली राव?

पोलंडचं बघा. त्यांचं चिन्ह लाल-पांढऱ्या चौकटींचं. 1939 मध्ये त्यांच्या पी-11 विमानांच्या दोन पंखांवर ते मुद्दाम वेगवेगळ्या जागी रंगवलेलं असायचं, शत्रूला नेम धरणं कठीण जावं म्हणून. देश पडल्यावर त्यांचे वैमानिक ब्रिटनमधून लढले. पंखांवर ब्रिटिश गोल, आणि नाकाजवळ आपली छोटीशी चौकट. त्यांना पोलंडमध्ये कुणी इंग्रजांचे नोकर म्हणत नाही. (याच पोलंडचे सुमारे 5,000 निर्वासित, मुख्यतः बायका-मुलं, 1943 पासून कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत राहत होते. आपल्या शाळेच्या पुस्तकात मी तरी वाचलं नव्हतं.)

आता आपले. 1944 मध्ये इंफाळला अर्जनसिंग नंबर 1 स्क्वाड्रनचे प्रमुख होते, परक्या गोलाखाली. तेच 1965 च्या युद्धात वायुदलप्रमुख. मुंबईत जन्मलेले हृषीकेश मुळगावकर 1940 साली दाखल झाले, काश्मीरच्या लढाईत महावीरचक्र मिळवलं आणि 1976 मध्ये वायुदलप्रमुख झाले. स्वातंत्र्यानंतर काही काळ गोलात अशोकचक्र होतं, 1950 पासून केशरी-पांढरा-हिरवा गोल आला. विमानावरचा रंग बदलत गेला, आत बसणारा माणूस तोच. मग अर्धं आयुष्य आपलं आणि अर्धं परकं, असा हिशेब करायचा का?

यावर आपल्याकडचा इलाज आणखी भारी. पोस्टरवर, व्हिडिओत 1947-48 च्या डाकोटावर सरळ आजचा तिरंगी गोल चिकटवायचा! देशभक्ती झाली, विषय संपला. आमच्या धंद्यात जुन्या लॉगमध्ये कुणी अशी "दुरुस्ती" केली तर संध्याकाळपर्यंत नोकरी जाते. आणि या असल्या पोस्टरमुळेच काकांना खरा फोटो परका वाटतो. तो बिचारा खरं बोलत होता.

निघताना काकांना मुळगावकरांची माहिती व्हॉट्सअ‍ॅपवर टाकली. दोन निळ्या टिका दिसल्यात. उत्तर अजून नाही.