विश्लेषण : राष्ट्रीय संघ जिंकतो कशाच्या बळावर? आफ्रिकी फुटबॉलचे धडे सातारा-सांगलीला का लागू पडतात?

ऑक्टोबर २०२५ मधले सलग दोन दिवस. १३ तारखेला केप व्हर्डे या आफ्रिकेच्या पश्चिमेकडील बेटांच्या देशाने एस्वाटिनीला ३-० असे हरवले आणि फुटबॉल विश्वचषकाची पात्रता पहिल्यांदाच मिळवली. १४ तारखेला मडगावच्या फातोर्डा मैदानावर भारत सिंगापूरकडून १-२ असा हरला आणि २०२७च्या आशिया चषकाची दारे बंद झाली.

केप व्हर्डेची लोकसंख्या सव्वापाच लाखांच्या आसपास. २०११च्या जनगणनेनुसार एकट्या सातारा जिल्ह्याची लोकसंख्या ३० लाखांवर, सांगलीची २८ लाखांवर. म्हणजे फलटण, माण, कराड, मिरज, आटपाडी असे तालुके असलेल्या या दोन जिल्ह्यांत मिळून असे दहा देश मावतील. मग राष्ट्रीय संघ उभा राहतो कशाच्या बळावर? आफ्रिका चषकाचा इतिहास आणि सातारा-सांगलीचे खेळाडू या प्रश्नाचे एकच उत्तर देतात. गुण सगळीकडे पिकतो. जिंकतो तो देश, ज्याच्याकडे गावच्या मैदानापासून राष्ट्रीय संघापर्यंतची साखळी कुठेही तुटत नाही.

लोकसंख्या मोठी, तर संघ मोठा?

तसे असते तर आफ्रिका चषकावर नायजेरियाचीच मक्तेदारी असती. २० कोटींहून अधिक लोकसंख्येच्या या देशाने १९८०, १९९४ आणि २०१३ असा तीनदा हा चषक जिंकला. युरोपातील मोठ्या क्लबांत खेळणारे खेळाडू त्याच्याकडे कायम असतात. तरीही २०२२ आणि २०२६ या लागोपाठच्या दोन विश्वचषकांची पात्रता नायजेरियाला मिळाली नाही.

केप व्हर्डेने मात्र आपल्या गटात कॅमेरूनसारख्या मातब्बर संघाला मागे टाकले. २०१३ आणि २०२३च्या आफ्रिका चषकात हा देश उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेला होता. पोर्तुगाल, नेदरलँड्स, फ्रान्समध्ये स्थायिक झालेल्या कुटुंबांतील मुले त्यांनी नेटाने शोधली. आयर्लंडमध्ये जन्मलेल्या रॉबर्टो लोपेस या बचावपटूला तर प्रशिक्षकांनी लिंक्डइनवरून निरोप धाडला होता. पोर्तुगीज भाषेतला तो संदेश फसवा असेल असे समजून त्याने सुरुवातीला दुर्लक्ष केले. पुढे तोच संघाचा आधारस्तंभ झाला. लहान देशाला एकही गुणी मुलगा निसटू देणे परवडत नाही, हे केप व्हर्डेला उमगले.

तारे महत्त्वाचे की संघ?

२०१२च्या अंतिम सामन्यात एका बाजूला दिदिए द्रोग्बा आणि तोरे बंधूंचा आयव्हरी कोस्ट होता, तर दुसऱ्या बाजूला फारसे कोणाला ठाऊक नसलेल्या खेळाडूंचा झांबिया. सामना झाला गॅबॉनच्या लिब्रेव्हिल शहरात. याच शहराजवळ समुद्रात १९९३ साली विमान कोसळून झांबियाच्या राष्ट्रीय संघातील १८ खेळाडूंचा मृत्यू झाला होता. पेनल्टी शूटआऊटमध्ये झांबिया ८-७ असा जिंकला.

इजिप्तची गोष्ट वेगळी, पण निष्कर्ष तोच. विक्रमी सात वेळा चषक जिंकणाऱ्या या देशाने २००६, २००८ आणि २०१० असा तो लागोपाठ तीनदा पटकावला. प्रशिक्षक हसन शहाता यांच्या या संघातील बहुतेक खेळाडू अल अहली, झमालेक अशा देशातल्याच क्लबांचे होते. वर्षभर एकमेकांसोबत आणि एकमेकांविरुद्ध खेळल्याने शेजारचा खेळाडू कुठे धावेल, हे त्यांना सांगावे लागत नसे.

सांगलीकरांना हा धडा क्रिकेटमुळे कळलेला आहे. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारताच्या महिला संघाने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. सांगलीत वाढलेली स्मृती मानधना त्या संघाची उपकर्णधार होती. स्पर्धेत तिने ४३४ धावा केल्या. पण मधल्या टप्प्यात सलग तीन सामने हरूनही संघ विस्कटला नाही आणि उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाचे ३३९ धावांचे लक्ष्य पार केले, ते एकट्या ताऱ्याच्या जोरावर नव्हे.

अकादमीने काय बदलते?

मोरोक्कोने २००९ साली राजधानी रबातजवळ मोहम्मद सहावा फुटबॉल अकादमी सुरू केली. तिथे मुले राहतात, शिकतात आणि खेळतात. २०२२च्या विश्वचषकात मोरोक्को उपांत्य फेरी गाठणारा पहिला आफ्रिकी देश ठरला. पोर्तुगालविरुद्धचा निर्णायक गोल करणारा युसेफ एन-नेसिरी याच अकादमीचा, अझेदिन उनाही आणि नायेफ अगेर्दही तिथलेच. त्या संघातील २६ पैकी १४ खेळाडू परदेशात जन्मलेले होते, हेही खरे. पण पेरणी आणि कापणी यांत १३ वर्षांचे अंतर होते, हे लक्षात ठेवण्याजोगे.

सेनेगलचा सादियो माने बांबाली या खेड्यातला. फुटबॉलसाठी त्याने घर सोडले आणि डाकार गाठले. तिथे त्याला ‘जनरेशन फूट’ ही अकादमी मिळाली. फ्रान्समधील मेट्झ क्लबशी या अकादमीचा करार असल्याने पुढची वाटही तयार होती. २०२२ च्या फेब्रुवारीत सेनेगलने पहिल्यांदा आफ्रिका चषक जिंकला, तेव्हा निर्णायक पेनल्टी मानेनेच मारली.

साताऱ्याला असे उदाहरण शोधायला आफ्रिकेत जायचे कारण नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिन येथील जागतिक तिरंदाजी स्पर्धेत साताऱ्याची १७ वर्षांची अदिती स्वामी कंपाउंड प्रकारात विश्वविजेती झाली. त्याच स्पर्धेत पुरुषांचे विजेतेपद ओजस देवतळेने मिळवले. तो नागपूरचा, पण सरावासाठी साताऱ्यात आलेला. दोघांचे प्रशिक्षक एकच, प्रवीण सावंत. एका जिल्ह्याच्या ठिकाणी सराव करणारे दोघे एकाच दिवशी जगज्जेते झाले. ज्योती सुरेखा वेन्नम आणि परनीत कौर यांच्यासोबत अदितीने बर्लिनमध्ये आणि नंतर हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सांघिक सुवर्णही जिंकले. राष्ट्रीय संघाची पायाभरणी जिल्ह्यात होऊ शकते, याचा यापेक्षा ठळक पुरावा नको.

प्रशिक्षक बदलल्याने फरक पडतो?

पडतो, पण वाटतो तेवढा नाही. सेनेगलने आलिऊ सिसे यांना २०१५ पासून वेळ दिला. २०१९ चा अंतिम सामना अल्जेरियाकडून हरल्यावरही त्यांना काढले नाही आणि पुढच्याच चषकात फळ मिळाले.

याच्या उलट उदाहरण आयव्हरी कोस्टचे. २०२४ च्या जानेवारीत घरच्याच मैदानावर इक्वेटोरियल गिनीकडून ०-४ असा पराभव होताच प्रशिक्षक पायउतार झाले. सहायक एमर्स फाये यांनी सूत्रे घेतली आणि ११ फेब्रुवारीला नायजेरियाला २-१ असे हरवून चषक जिंकला. मोरोक्कोनेही २०२२च्या विश्वचषकाला तीन महिने उरले असताना प्रशिक्षक बदलला होता.

म्हणजे वरचा माणूस बदलला तरी संघ सावरू शकतो, जर खालचा पाया पक्का असेल. पाया नसेल, तर कितीही नामवंत परदेशी प्रशिक्षक आणला तरी तो दोन-तीन वर्षांत हात टेकून परततो.

पैसा किती आणि केव्हा?

२०१४च्या विश्वचषकाआधी बोनसच्या वादात कॅमेरूनच्या खेळाडूंनी ब्राझीलचे विमान अडवून धरले. त्याच स्पर्धेत घानाच्या खेळाडूंनी सरावावर बहिष्कार टाकला, तेव्हा सरकारला ३० लाख डॉलरची रोकड विमानाने पाठवावी लागली. दोन्ही संघ गटातच बाद झाले. पैसा नव्हता असे नाही. तो वेळेवर आणि विश्वासाने मिळत नव्हता.

भारतीय महिला क्रिकेटमध्ये याच्या उलट घडले. ऑक्टोबर २०२२ मध्ये बीसीसीआयने महिला आणि पुरुषांना समान सामना मानधन जाहीर केले. २०२३ मध्ये महिला प्रीमियर लीग सुरू झाली. स्थैर्य आधी आले, विश्वचषक नंतर आला.

साताऱ्याच्या इतिहासात मात्र वर्गणी आधी आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीला गेले, ते लोकांच्या मदतीवर. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून त्यांना सात हजार रुपये दिले. स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक असे मिळाले. खाशाबांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, आता राज्य क्रीडा दिन आहे. पण प्रत्येक खेळाडूच्या वाट्याला असे प्राचार्य येत नाहीत.

सातारा-सांगलीत साखळी कुठे तुटते?

कुस्तीत ती तुटत नाही. गावात तालीम असते, वस्ताद असतो आणि यात्रा-जत्रांच्या हंगामात एका गावच्या मैदानातून दुसऱ्या गावच्या मैदानात कुस्त्या मिळत राहतात. हरलेला पैलवान पुढच्या जत्रेत पुन्हा लांग चढवतो. कवठेपिरानच्या मारुती माने यांच्यासारखे मल्ल या मातीत घडले, त्यामागे ही न लिहिलेली व्यवस्था आहे. शेजारच्या कोल्हापुरात तालीम मंडळांनी हीच रीत फुटबॉलला लावली. २०१७च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात खेळलेला अनिकेत जाधव हा त्याच शहरातला.

इतर सांघिक खेळांत चित्र उलटे आहे. शालेय स्पर्धा बहुतेक बाद पद्धतीने होतात. तालुक्याला पहिलाच सामना हरला की शाळेच्या संघाचे वर्ष तिथेच संपते. वर्षातून दोन-चार सामने खेळून संघ तयार होत नाही.

दुसरी फट पडते बारा-तेरा वर्षांच्या वयात. फलटण तालुक्यातील आसूची वैष्णवी फाळके आणि वाखरीची अक्षता ढेकळे भारताकडून हॉकी खेळल्या. पण त्यांची घडण पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत झाली. फलटण तालुक्यातीलच सरडे गावचा तिरंदाज प्रवीण जाधव शेतमजुराचा मुलगा. जिल्हा परिषदेच्या शाळेतून तो अमरावतीच्या प्रबोधिनीत पोहोचला. पुढे २०१९ च्या जागतिक स्पर्धेत सांघिक रौप्य जिंकले आणि टोकियो ऑलिम्पिक गाठले. माण तालुक्यातील मोहीची ललिता बाबर रिओ ऑलिम्पिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली, पण तिचीही तयारी जिल्ह्याबाहेरच झाली.

बाहेर जाण्यात गैर काही नाही. मानेही गेलाच होता. प्रश्न आहे न गेलेल्यांचा. ज्या मुलीला घरचे पुण्याला पाठवायला धजावत नाहीत, जिला निवड चाचणीची तारीखच कळत नाही, ती आठवीत खेळ सोडते आणि तिचे नाव कुठल्याही यादीत येत नाही. आज नावाजलेले खेळाडू हे त्या फटीतून वाचलेले आहेत. किती जण वाचले नाहीत, याचा हिशेब कोणी ठेवत नाही.

मग करायचे काय?

यासाठी भव्य स्टेडियमची गरज नाही. पहिले काम, शालेय सांघिक स्पर्धांना साखळी पद्धतीची जोड द्यावी. एका तालुक्यातील आठ शाळा एकमेकींशी खेळल्या, तर प्रत्येक संघाला किमान सात सामने मिळतात. त्यासाठी लागते एक मैदान, एक पंच आणि शनिवारची सकाळ.

दुसरे, व्यायामशाळा आणि क्रीडांगण विकासाच्या सरकारी अनुदानाला माणसांची जोड हवी. कुंपण आणि साहित्य पाच वर्षांत गंजते. रोज संध्याकाळी मैदानावर उभा राहणारा मानधनी प्रशिक्षक पाच वर्षांत एक पिढी घडवतो.

तिसरे, दोन्ही जिल्ह्यांत मुलींसाठी सुरक्षित निवासी केंद्र हवे. सांगलीच्या मुलीला साताऱ्यात आणि साताऱ्याच्या मुलीला सांगलीत राहून शिकता-खेळता आले, तर आई-वडिलांना रविवारी एसटीने जाऊन भेटता येईल एवढ्याच अंतरावर ती असेल.

पदक आल्यावर सत्कार, मिरवणूक आणि रोख बक्षीस यांत हे दोन्ही जिल्हे कधी कमी पडले नाहीत. आफ्रिकेचा अनुभव सांगतो की खर्च पदकाच्या आधी करावा लागतो आणि तोही दहा-पंधरा वर्षे, निवडणुकीचे वेळापत्रक न पाहता. मोरोक्कोने २००९ साली ज्या मुलांना वसतिगृहात घेतले, ती २०२२ साली जगाला दिसली. सातारा-सांगलीत आज पाचवीत असलेली मुले त्या वयाची होतील २०३८ च्या सुमारास. त्यांचा शनिवारचा सामना मात्र या वर्षीच ठरायला हवा.