घरातलं तंत्र : पहिला संगणक जोडताना यादी आधी, दुकान नंतर

दहावी-बारावीचे निकाल लागले, मुलगा डिप्लोमाला किंवा मुलगी बी.सी.ए.ला गेली, की सातारा, कऱ्हाड, मिरज, सांगलीकडच्या घरांत एक मागणी हमखास येते : "अब्बा, कॉम्प्युटर घ्यायचाय, पण तयार नको. पार्ट आणून मीच जोडतो." ही मागणी ऐकून घाबरू नका. सुटे भाग आणून जोडलेल्या संगणकात बिघडला तेवढाच भाग बदलता येतो आणि पुढे ऐपतीप्रमाणे वाढही करता येते. जोडकाम एका दुपारचे आहे. कसोटी लागते ती त्याआधी, भाग निवडताना. घराची वर्षा-दोन वर्षांची बचत त्यात जाणार असते आणि एक भाग दुसऱ्याला बसला नाही, तर पैसे अडकून पडतात.

आपल्या मिरजेच्या सतारमेकर गल्लीत हेच तत्त्व दिसते. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्ये घडवायला घेतली. त्याच मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. कारागीर आधी पंढरपूर भागातून आलेला भोपळा पारखतो, मग त्याच्या मापाने बाकीचे लाकूडकाम बेततो. सर्वांत महाग भोपळा आणि सर्वांत महाग लाकूड एकत्र आणले, म्हणून सतार होत नाही. संगणकाचेही तसेच आहे. प्रत्येक भाग भारी असण्यापेक्षा एकमेकांना जुळणारा असावा.

यादीच्या पहिल्या ओळीत भागाचे नाव लिहू नका, काम लिहा. कॉलेजचे प्रोग्रॅमिंग, टॅलीचे हिशेब, ऑनलाइन वर्ग, लग्नपत्रिकांचे डिझाइन एवढेच असेल, तर वेगळे ग्राफिक्स कार्ड लागत नाही. मोठे गेम किंवा व्हिडिओ एडिटिंग करायचे असेल तर लागते, आणि मग खर्च एकदम वर जातो. मुलाला काय हवे आणि घराला काय परवडते, हे दुकानात नव्हे, घरी बसून ठरवा.

आता जुळणीचे. प्रोसेसर, मदरबोर्ड आणि रॅम हे तिघे एकत्रच ठरवायचे. इंटेलचे बाराव्या ते चौदाव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर एलजीए १७०० सॉकेटमध्ये बसतात. एएमडीचे जुने रायझन एएम ४ मध्ये, तर २०२२ पासूनचे नवे एएम ५ मध्ये. एकाचा प्रोसेसर दुसऱ्यात बसत नाही. रॅमचेही तसेच : एएम ४ ला डीडीआर ४ लागते, एएम ५ ला डीडीआर ५. एलजीए १७०० चे बोर्ड दोन्ही प्रकारांत येतात, म्हणून बोर्डाचे पूर्ण नाव वाचूनच रॅम घ्या. दोन्हींची खाच वेगळ्या जागी असते, जोर लावून उपयोग नाही. १६ जीबी घ्यायची तर एक पट्टी घेण्यापेक्षा ८-८ च्या दोन घ्या. दोन वाटांनी माहिती ये-जा करते, म्हणून वेग मिळतो. बोर्ड जुन्या साठ्यातला आणि प्रोसेसर नंतरचा असेल, तर बायोस अद्ययावत आहे का, हे दुकानदाराला आधीच विचारा. नाहीतर सगळे जोडूनही पडदा काळाच राहतो.

पडदा काळा राहण्याचे आणखी एक कारण म्हणजे नावातले एक अक्षर. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावात शेवटी 'एफ' असते, त्यात चित्र दाखवण्याची सोय नसते. असा प्रोसेसर थोडा स्वस्त मिळतो, पण त्यासोबत ग्राफिक्स कार्ड घ्यावेच लागते. एएमडीचा रायझन ५ ५६००जी कार्डाशिवाय चालतो, 'जी' नसलेला ५६०० चालत नाही. कार्ड घ्यायचे नसेल, तर यादीत हे अक्षर ठळक लिहा.

साठवणीसाठी निदान ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी घ्या. एम.२ आकाराच्या सगळ्याच पट्ट्या एनव्हीएमई नसतात. दिसायला सारखी असलेली साटा पट्टी बरीच हळू असते, आणि काही बोर्डांच्या खाचेत चालतही नाही.

काटकसर कुठेही करा, एसएमपीएसमध्ये करू नका. विजेचा पुरवठा करणारा हा डबा बिघडला, तर सोबत बोर्ड आणि एसएसडीही घेऊन जाऊ शकतो. स्वस्त कॅबिनेटसोबत 'फुकट' येणाऱ्या एसएमपीएसवर विसंबू नका. ग्राफिक्स कार्ड नसलेल्या संगणकाला नावाजलेल्या कंपनीचा ४५० वॅटचा एसएमपीएस पुरतो. '८० प्लस' ही खूण वीज कमी वाया जाते एवढेच सांगते. टिकाऊपणासाठी वॉरंटी किती वर्षांची, ते पाहा. संगणक आणण्याआधी वायरमनला बोलावून घरातले अर्थिंग तपासून घ्या. जुन्या वाड्यांत तीन पिनांचे सॉकेट असते, पण तिसऱ्या पिनेला कधीकधी तारच जोडलेली नसते. वळवाच्या पावसात वीज जाते-येते, म्हणून छोटा यूपीएसही यादीत धरा.

किरकोळ वस्तू विसरल्या, की जोडकाम अडते. बोर्ड मायक्रो-एटीएक्स की एटीएक्स, ते पाहून कॅबिनेट घ्या. प्लसचा स्क्रू-ड्रायव्हर, मॉनिटरची केबल आणि ८ जीबीचा पेनड्राइव्ह लिहून ठेवा. बोर्डात वाय-फाय नसेल, तर त्याचा डोंगलही. विंडोजचा परवाना वेगळा विकत घ्यावा लागतो. दुकानात 'फुकट टाकून देतो' म्हणतात ती बहुधा चोरीची प्रत असते. पैसे कमी असतील तर उबंटू घ्या. ते खरोखर मोफत आहे आणि त्यात मराठी टंकलेखनही होते.

खरेदी कुठे करावी? पुणे-मुंबईत निवड जास्त, ऑनलाइन भाव कधी कमी. पण भाग बिघडला, तर साताऱ्याहून पुण्याला हेलपाटे कोण घालणार? म्हणून दोन-तीन ठिकाणचे भाव काढून गावातल्या दुकानदाराशी बोला. फरक थोडाच असेल, तर गावातच घ्या. शक्यतो प्रोसेसर, बोर्ड आणि रॅम एकाच दुकानातून घ्या, म्हणजे बिघाडाचे खापर कोणी दुसऱ्यावर फोडणार नाही. पक्क्या बिलात १८ टक्के जीएसटी असतो. तो वाचवायला कच्ची चिठ्ठी घेतली, तर वॉरंटी मागताना हातात काही उरत नाही. बिलावर प्रत्येक भागाचे मॉडेल आणि सिरियल नंबर लिहून घ्या. बंद डब्यातल्या प्रोसेसरला कंपनीची ३ वर्षांची वॉरंटी असते. वापरलेला भाग घ्यायचा, तर समोर चालवून पाहा आणि कशामुळे विकतोय, ते स्पष्ट विचारा.

जोडताना घाई नको. आधी कॅबिनेटच्या लोखंडाला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवा. एएम ४ मध्ये नाजूक पिना प्रोसेसरला असतात, इंटेल आणि एएम ५ मध्ये बोर्डाच्या सॉकेटमध्ये. तिथे बोट लावू नका. कॅबिनेटमध्ये कसण्याआधी बोर्ड त्याच्या पुठ्ठ्याच्या डब्यावर ठेवून एकदा चालू करून पाहा. पडदा उजळला, तरच पुढे जा.

सांगलीकरांना आणखी एक सांगणे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये कृष्णेचे पाणी घरांत शिरले, ते आठवा. संगणक जमिनीवर ठेवू नका, तळमजल्यावर तर नाहीच. बिलांचे फोटो अब्बा-अम्मी दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवा. आणि जोडकामाला बसताना मुलासोबत त्याच्या बहिणीलाही बसवा. उद्या तो नोकरीसाठी पुण्याला गेला, तर घरातला संगणक उघडून दुरुस्त करणारे कोणीतरी असायला हवे.